कौल ऐकणारी तार

मंगळवार, शुक्रवार म्हटला की चिंचखारच्या खारदेवीसमोर पाय ठेवायला जागा मिळत नसे. द्रोणागिरीच्या गोदामांतले हमाल, टॉवरांतून गाड्या घेऊन आलेली माणसं, गावच्या बायका, त्यांच्या कडेवरची पोरं, सगळी मंडपात खांद्याला खांदा लावून उभी. देवीच्या दोन्ही चांदीच्या खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवलेली असे. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. धर्मराज बुवा प्रश्न विचारी, डोळे मिटी, आणि लोकांनी चार आकडे मोजायच्या आत पाकळी खाली.

“आईला टॉवर लागत नाय, रिचार्ज लागत नाय,” बुवा माइकवर सांगे. “तुमचं नेटवर्क खाडीच्या पुलावर जातं. आईचं कदी गेलंय? करंट आईचा, मी नुसती वायर.”

लोक हसत, टाळ्या वाजवत, आणि मग हात जोडून पाकळीकडे बघत.

मागच्या महिन्यात ही पाकळी गावातल्याच सनी नावाच्या पोराच्या नावावर पडली होती. होडीचं इंजिन चोरल्याचा आळ होता. आठ-दहा जणांनी त्याला जेट्टीवर नेऊन लोखंडी पायपानं मारलं आणि दोन्ही नडग्या फोडल्या. पंधरा दिवसांनी इंजिन दुसऱ्याच गावच्या माणसाकडे सापडलं. तेव्हा गावात कुणाची मान खाली गेली नाही. “ह्ये नाय तर दुसरं कायतरी चोरलं असंल,” लोक म्हणाले. “आई खोटं कशाला बोलंल?”

त्या मंगळवारी प्रश्न वेगळा होता. गावातली तीन पोरं महिनाभर तापानं, उलट्यांनी आडवी झाली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणाले कावीळ आहे, पाणी उकळून प्या. पण उकळलेल्या पाण्यात चमत्कार नसतो. म्हणून पोरांच्या आया देवळात आल्या होत्या.

“आई, ही बाहेरची बाधा हाय का?” बुवानं विचारलं. उजवी पाकळी पडली.

“करनारी गावातली हाय?” उजवी.

“बाईमानूस? नवरा नाय, मूल नाय?” उजवी.

मग बुवा एकेक नाव घेत गेला. पहिल्या नावाला डावी, दुसऱ्या नावाला डावी. तिसरं नाव गोजराचं.

सरस्वतीबाई मागच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. शहात्तर वर्षांचं वय, दोन्ही गुडघे गेलेले. गोजरा त्यांची लहानपणची मैत्रीण. दोघी परकराच्या वयापासून एकाच मिठागरात पाट्या वाहत होत्या. मिठानं तळपायाला भेगा पडायच्या, तेव्हा एक रडायची आणि दुसरी खोबरेल लावायची. आता मिठागराच्या जागी कंटेनरांची रांग होती, आणि गोजराकडे एक खोली आणि सरकारकडून मिळालेला जमिनीचा एक तुकडा होता. त्या तुकड्यावर मठ बांधावा असं बुवा गेले दोन महिने म्हणत होता. गोजरा नको म्हणाली होती.

उजवी पाकळी पडली.

मग एका बाईनं चप्पल काढली. गोजराला केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं तेव्हा तिचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटलं. कुणी लाथ मारत होतं, कुणी थुंकत होतं. जिच्या दोन्ही मुलींना गोजरानं न्हाऊमाखू घातलं होतं तीच तिच्या पाठीवर चप्पल मोडत होती. सरस्वतीबाई गर्दीत शिरल्या, पडल्या, रांगत पुढं गेल्या आणि गोजराच्या अंगावर आडव्या पडल्या. तोवर एक बांबू वर गेला होता. तो खाली आला आणि गोजराच्या उजव्या मनगटातून काटकी मोडल्यासारखा आवाज झाला.

बांबू रूपेशच्या हातात होता. सरस्वतीबाईंच्या मुलाच्या.

“आये, बाजूला हो,” तो म्हणाला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस आला होता. “माज्या पोराचे डोले पिवले झाल्यात, तुला दिसत नाय का?”

“मग मना मार आदी,” सरस्वतीबाई म्हणाल्या.

माइकवरून बुवाचा आवाज आला, मधासारखा गोड. “थांबा रे. आई रागीट हाय, पन न्यायी हाय. पुढच्या मंगळवारी शेवटचा कौल. आई बोलली शुद्धी घ्या, तर बाईनं उकळत्या तेलात हात घालून तळातलं नाणं काढायचं. खरी असंल तर हाताला फोड येनार नाय.”

दवाखान्यात मनगट बांधताना डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं. गोजरा म्हणाली, “पडले.” पोलीस चौकीतल्या माणसानंही तेच लिहून घेतलं. सरस्वतीबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनीही तोंड उघडलं नाही. गोजराला भीतीनं गप्प केलं होतं, त्यांना पोराच्या मायेनं.

त्यांनी गोजराला आपल्या घरी आणलं. रूपेशचं बिऱ्हाड रस्त्यापलीकडे होतं, बिल्डर झाल्यावर बांधलेलं. जुन्या घरात खाली सरस्वतीबाई एकट्या, आणि वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू आबिदा. चाळिशीची, उरणच्या बाजूची, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी. तिचे वडील जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. त्यांच्याकडून तिनं हवेतून येणाऱ्या आवाजांचं वेड घेतलं होतं, आणि परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवानाही.

महिन्यापूर्वीच तिनं गच्चीवर एक अँटेना उभी केली होती. अॅल्युमिनियमची एक उभी कांडी आणि बुडाशी छत्रीच्या काड्यांसारख्या चार आडव्या. सरस्वतीबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून सगळं बघत होत्या. आबिदानं कठड्याला पाइप आवळला, केबलच्या सांध्यावर पावसाचं पाणी शिरू नये म्हणून काळी टेप गुंडाळली, केबल खिडकीतून आत घेतली. आत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि अंगठ्याएवढा रिसीव्हर.

“ह्यातून कोनाशी बोलनार तू?” त्यांनी विचारलं होतं.

“कुणाशीच नाही, काकी. हे बोलतच नाही. फक्त ऐकतं.”

“बोलत नाय तर मग उपेग काय?”

“आम्हा रेडिओवाल्यांतले लोक डोंगरावर जातात, होडीतून जातात. त्यांच्याजवळ एक छोटं यंत्र असतं. दर दोन मिनिटांनी ते हवेत दोन ओळी टाकतं. मी अमका, मी इथं आहे. मोबाइलला रेंज नसली तरी. पण डोंगराच्या या अंगाला ते ऐकणारं कुणी नव्हतं. आता माझं स्टेशन ऐकेल आणि जसंच्या तसं इंटरनेटवर टाकेल. घरच्यांना नकाशावर ठिपका दिसेल.”

“म्हन्जे जेट्टीवर बसलेली म्हातारी. सगल्या होड्यांवर नजर, आनि घरी येऊन सांगायचं कोन कुठं गेला ते.”

आबिदा खूप हसली होती. दोन दिवसांनी नकाशावर पहिला ठिपका उमटला, करंजाच्या पलीकडे समुद्रात. सरस्वतीबाईंनी त्या ठिपक्याला हात जोडले. त्यांचा बाप एका आषाढात होडी घेऊन गेला होता आणि तो कुठल्या पाण्यात बुडाला हे घरात कुणाला कधी कळलं नव्हतं.

आता शुक्रवार होता, पुन्हा कौलाचा दिवस. गोजरा खालच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. सरस्वतीबाई तिच्यासाठी पेज घेऊन आल्या, तर ती म्हणाली, “सरसू, मी माज्या हातानं तेलात हात घालीन. त्यांनी मारून घालायला लावन्यापरीस बरं. नायतरी मोडलाच हाय.”

पेज तशीच ठेवून सरस्वतीबाई वर गेल्या. आबिदा लॅपटॉपसमोर कपाळाला आठ्या घालून बसली होती. पडद्यावर निळं पाणी वरून खाली सरकावं तसं चित्र सरकत होतं.

“हा निळा रंग म्हणजे शांतता,” आबिदा म्हणाली. “कुणी हवेत काही टाकलं की पांढरी रेघ येते. आमच्या यंत्रांची रेघ मला ओळखू येते. पण मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक अशा जाड रेघा येतात की माझं सगळं ऐकणं झाकोळून जातं. गाडीचा रिमोट, सोसायटीच्या गेटचा रिमोट, तसलं काहीतरी. याच पट्ट्यात बोलतात ते.”

“मंगलवारी आनि शुक्रवारी?”

खिडकी उघडी होती. देवळाचा कर्णा दोन गल्ल्या सोडून होता. बुवाचा आवाज येत होता, “आई, हिचं लगीन ह्या वर्षी ठरनार का?” पडद्यावर जाड पांढरी रेघ उमटली. मग कर्ण्यातून आरोळी आली, “उजवी, उजवी पडली.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुढचा प्रश्न. रेघ. “डावी.” त्यापुढचा. रेघ. “उजवी.”

सरस्वतीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. “माजी सासू कौल लावायची,” त्या हळूच म्हणाल्या. “आमच्या घराचा मान तो. पाकल्या आमच्याच घरच्या बाईनं लावायच्या. तवा देवी नुसती दगडाची होती. सकाली पाकली लावली तर दुपार व्हायची पडंपर्यंत. पानी सुकलं की पडायची. बाया तिथंच बसून जाल्या विनायच्या, भाकर खायच्या. भांडनारी मानसं तवर थंड होऊन घरी जायची. हा आला, आनि चांदी चढवली. मना म्हनला, आजी, गुडगे दुखतील, पायऱ्या चढू नका. चांदी चढल्यापासून पाकली तीन श्वासांत पडते. चांदीला पुसायचं, धुवायचं, तेबी त्यो कोनाला करू देत नाय.”

आबिदा उठून उभी राहिली. “चांदी आतून पोकळ आहे?”

“पत्र्याचं कवच. खांद्यावरून घालतात, झग्यासारखं.”

“मोबाइल थरथरतो ना, काकी, त्याच्यात शेंगदाण्याएवढी मोटर असते. एक उजव्या खांद्याच्या आत, एक डाव्या. आणि खिशात दोन बटणांचा रिमोट. ओली पाकळी चांदी थरथरली की तीन-चार सेकंदांत सुटणार.”

आणि तेवढ्यात कर्णा पुन्हा बोलला.

“आई, पोरं अजून उठत नायत. त्या बाईला जिथं आसरा मिळालाय त्या घरावर एक कांडी उभी केलीय. त्या कांडीतून करनी फेकतात का?”

पडद्यावर रेघ उमटली. दोघी त्या रेघेकडे बघत राहिल्या. कर्ण्यातून आरोळी यायच्या आधीच त्यांना उत्तर कळलं होतं, आणि काय होणार तेही.

दार आतून लावलं तरी ते कितीसं टिकणार. वीस-पंचवीस माणसं जिन्यानं वर आली. सगळ्यांत पुढं रूपेश. आबिदा गच्चीच्या दारात आडवी झाली. “ऐका, याच्यातून काही बाहेर जात नाही. याला फक्त कान आहेत, तोंड नाही—” तिच्या तोंडावर चपराक बसली. दुसऱ्यानं ढकललं तेव्हा तिचं कपाळ चौकटीवर आपटून फुटलं. अँटेना मुळापासून उपटून गल्लीत फेकली. आबिदाचा लॅपटॉप रूपेशनं जिन्याच्या कठड्यावर चार वेळा आपटला. एकानं पुस्तकांवर पाणी ओतलं. ते का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. खाली गोजराच्या खोलीच्या दारावर लाथा बसत होत्या. सरस्वतीबाई विळी घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं लाथा थांबल्या.

“मंगलवारपर्यंत ठेव तिला,” रूपेश आईला म्हणाला. “मंगलवारी आमी यून घेऊन जाऊ.”

ते गेल्यावर आबिदा जमिनीवर बसली. डोळ्यावर रक्त ओघळत होतं. तिनं पलंगाखाली हात घातला आणि बिस्किटांचा डबा बाहेर ओढला.

“बिस्किटं समजून सोडला,” ती म्हणाली आणि तिला हसू आलं. मग रडू आलं.

सरस्वतीबाईंनी तिच्या कपाळावर हळद दाबली. “पोरी, तू जा तुज्या घरी उरनला. तुज्या जातीवर जातील आता. वाईट मानसं हायत आमची.”

“आमच्याकडे काय कमी आहेत, काकी? दर्ग्यात एकानं साखळदंडानं बांधून बायकांची भुतं काढली होती. माझी मावशी त्यातच गेली. तेव्हा मी लहान होते, काही करता आलं नाही.” तिनं डबा उघडला. आतलं मेमरी कार्ड शाबूत होतं, महिनाभराचं सगळं ऐकलेलं त्यात होतं. “तुमचा टीव्ही मिळेल का, पडदा म्हणून? आणि तांब्याची एक तार. सतरा सेंटिमीटर.”

“येवढीशी?”

“डोंगरापलीकडचं ऐकायला उंच कांडी लागते. दोन गल्ल्या पलीकडचा चोर ऐकायला वीतभर तार पुरते.”

शनिवारी आणि रविवारी आबिदा सरस्वतीबाईंच्या टीव्हीसमोर बसली. महिनाभराच्या रेघा तिनं एकेक करून उलगडल्या. रेघा दिसायला सारख्या, पण आत दोन वेगळे आकडे होते, रिमोटच्या प्रत्येक बटणाचा एक. पोरांनी फोनवर कौलाचे व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकले होते, त्यावर तास, मिनिट, सेकंद होतं. आबिदानं वही ओढली. पहिला आकडा जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा उजवी पाकळी पडलेली. दुसरा आला तेव्हा डावी. एकदाही चूक नाही. सनीच्या नावाला पहिला आकडा. गोजराच्या नावाला पहिला आकडा. आबिदा ते वाचून दाखवत होती आणि सरस्वतीबाईंना पायपांचे घाव ऐकू येत होते.

“हे पोलिसांना दाखवू,” आबिदा म्हणाली.

दाखवलं. चौकीतल्या माणसानं वही उलटसुलट केली. “मॅडम, ह्यात नुसते आकडे आहेत. लोकांची श्रद्धा आहे, उगाच टेन्शन वाढवू नका.” आबिदानं जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घेतलं, तक्रार लेखी दिली, तिची पोच मागून घेतली आणि एक प्रत मोठ्या साहेबांच्या कचेरीत नेऊन दिली. तिथल्या साहेबांनी मंगळवारी माणसं पाठवतो म्हणून सांगितलं. किती वाजता ते सांगितलं नाही.

मंगळवारी देवळापुढं तीन दगडांची चूल पेटली. कढईत तेल ओतलं. गोजराला दोघांनी दंडाला धरून आणलं. तिच्या प्लास्टरला कुणीतरी कुंकू फासलं होतं. ती कुणाकडेच बघत नव्हती. मंडपाच्या कठड्यावर पोरं चढून बसली होती, फोन वर करून.

सरस्वतीबाई एकेक पायरी चढून देवीसमोर आल्या आणि बुवाच्या हातातली पाकळ्यांची वाटी त्यांनी काढून घेतली.

“आज पाकल्या मी लावनार.”

“आजी, तुमचे गुडगे—”

“गुडगे माजे हायत. मान माज्या घराचा हाय. शेवटचा कौल हाय ना? मग रीतीनं होऊ दे.”

गावातले दोन-चार म्हातारे पुढं बसले होते. त्यातला एक म्हणाला, “बराबर हाय. मान त्यांचाच.” बुवाला हसून बाजूला व्हावं लागलं. एक हात त्यानं उपरण्याखाली घेतला.

सरस्वतीबाईंनी पाकळ्या लावल्या. मग चोळीतून फोन काढून माइकजवळ ठेवला. “ह्या फोनावर वर राहनारी आबिदा हाय. ती माज्या घरात दार लावून बसलीय, हितलं तिला कायबी दिसत नाय. आनि मी देवीला मनात विचारनार, म्हन्जे मी काय विचारते ते कोनालाच ठावं नाय. बघू.”

त्यांनी डोळे मिटले. बुवानं घाईघाईनं मंत्र पुटपुटला. फोनमधून, माइकमधून, कर्ण्यातून साऱ्या गावात आबिदाचा आवाज घुमला, “उजवी.” लोकांच्या माना देवीकडे वळल्या, आणि उजवी पाकळी सुटून खाली आली.

सरस्वतीबाईंनी नवी पाकळी लावली. “डावी,” कर्णा म्हणाला. मग डावी पडली.

तिसऱ्यांदा पाकळी लावली. कर्णा गप्प. पाकळ्या जागच्या जागी. बुवाच्या कपाळावरून घाम हनुवटीवर आला. अर्धा मिनिट गेलं, मिनिट गेलं. आबिदा म्हणाली, “आता त्यानं बटण दाबलेलं नाही.”

इथं गावाला समजायला हवं होतं. पण भक्तीनं झिंगलेलं डोकं सरळ वाट घेत नाही. मागून एक बाई किंचाळली, “देवी तिचं ऐकते. तिनं देवीला बांदलीय.” बुवानं तो धागा झडप घालून पकडला. “बघा, आईला यंत्रात कोंडलं. ही म्हातारी पन सामील हाय. तेलात घाला, दोघींना घाला.”

गर्दी हलली. गोजराला कढईकडे रेटलं. तिचा पदर चुलीच्या जाळाला लागून पेटला आणि कुणीतरी पायानंच विझवला. सरस्वतीबाईंनी मागं पाहिलं नाही. त्यांनी देवीच्या चांदीच्या खांद्यांत दोन्ही हात घातले आणि कवच वर उचललं. पाठीमागून बांबू बसला, खांद्याच्या हाडावर. त्यांना वळून बघायची गरज नव्हती. त्याच हाताला धरून त्यांनी लहानपणी त्याला चालायला शिकवलं होतं. दुसरा घाव कानामागं बसला. त्या कोसळल्या, आणि कवच त्यांच्याबरोबर फरशीवर येऊन आदळलं.

कवचाच्या आतून एक लाल तार लोंबत होती. टेपनं चिकटवलेली मोबाइलची चपटी बॅटरी, एक हिरवी पट्टी, दोन्ही खांद्यांत दोन शेंगदाणे. बुवानं घाबरून मुठीत दाबून धरलेलं बटण अजून सोडलं नव्हतं. कवच फरशीवर आपोआप फिरत होतं, उलट्या पडलेल्या भुंग्यासारखं गुणगुणत.

मग मघाशी ‘मान त्यांचाच’ म्हणालेल्या म्हाताऱ्यानं बुवाचं उपरणं ओढलं. हातात गेटचा रिमोट होता, दोन बटणांचा. इथं येण्याआधी धर्मराज रबाळ्याला मोबाइल दुरुस्त करी, पुढं सोसायट्यांची गेटं बसवी, हे मग पोलिसांनी शोधून काढलं.

चप्पल पुन्हा निघाली, ह्या वेळी बुवासाठी. त्याचे दात पायरीवर आपटून फुटले. चौघांनी त्याला उचललं आणि कढईकडे नेलं. तो लहान पोरासारखा ओरडत होता. गर्दीचा चेहरा तोच होता, आनंद तोच होता, फक्त माणूस बदलला होता.

गोजरानं कढईच्या कानाला पाय लावला. तेल चुलीवर सांडलं, भडका उडाला, माणसं ओरडत मागं सरकली. तिच्या पायाला फोड आले. ती तशीच उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

“ह्याला भाजून काय मिलनार?” ती म्हणाली. “ह्यानं बटन दाबलं. बांबू तर तुमीच आनले होते.”

पोलीस साडेबाराला आले. बुवाला घेऊन गेले. आबिदा कपाळाला पट्टी बांधून, डबा काखेत धरून देवळात आली. लोक तिला वाट देत होते आणि तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिनं सगळं समजावून सांगितलं, कवच हातात धरून, मोटर दाखवून, वही दाखवून. “मला कुणाची श्रद्धा मोडायची नाही,” ती शेवटी म्हणाली. “पण कुणी म्हणालं हा चमत्कार आहे, तर उघडून बघा. उघडू देत नसेल तर समजून घ्या. आणि पोरांची कावीळ पाण्यानं झाली आहे. शाळेमागं पाण्याची लाइन गटारातून जाते, ती फुटलीय. उद्या सकाळी चार माणसं फावडी घेऊन या, मी दाखवते.”

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा आबिदाही तिथंच होती. गोजराला त्यानं विचारलं, हात कसा मोडला. गोजरानं शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथं सरस्वतीबाई होत्या, खांद्याला पट्टा, कानामागं सात टाके. खाटेच्या पायथ्याशी रूपेश जमिनीवर बसला होता, गुडघ्यांत तोंड खुपसून.

“पडले म्हन, गोजरा,” तो म्हणाला. “माजी पोरं लहान हायत. मना आईनं सांगितलं म्हनून—”

“कुटल्या आईनं?” सरस्वतीबाईंनी विचारलं.

त्यानं तोंड पुन्हा गुडघ्यांत खुपसलं.

गोजराला नाव घेववेना. सरसूचं पोर होतं ते. सरस्वतीबाईंना ते समजलं, आणि त्या कोपरावर रेटा देऊन उठून बसल्या. मिठागरातली उन्हं त्यांनी सोसली होती, नवरा गेलेला सोसला होता. हे वाक्य त्या सगळ्याहून जड होतं.

“लिवा, साहेब,” त्या म्हणाल्या. “मागच्या मंगलवारी हिचा हात मोडला. मी डोल्यांनी बघितलं आनि आठ दिस गप बसले, त्येबी लिवा. मोडनाऱ्याचं नाव रूपेश. बापाचं नाव वामन. आईचं नाव सरस्वती. देवीनं कोनाचा हात मोडला नाय. पाकली पडली म्हनून बांबू आपसूक उचलत नाय. हात उचलायच्या आदी मानसानं ज्याचं त्यानं डोकं वापरायचं असतं, आनि आमी ते वापरलं नाय.”

पोलिसानं लिहायला सुरुवात केली. रूपेश उठला नाही, पळालाही नाही. सरस्वतीबाईंनी जबाबाचा कागद आबिदाकडून वाचून घेतला, एक शब्द चुकला होता तो दुरुस्त करायला लावला, आणि मग डाव्या हातानं, कारण उजवा वर होत नव्हता, सावकाश सही केली.